प्लेट सुलटीच होती

मदत केली ती पळशीकर सरांनी. थोडी पळशीकर काकूंच्या लाटण्यानंही केली. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं सांगायला लागलो की माझा जीव घाबरा होतो, आणि जीव घाबरा झाला की मी नुसता स्वतःबद्दल बोलत सुटतो. मग ज्यानं हात दिला त्याचं नाव मागंच राहतं. एकदा तसं झालंय. पुन्हा नको.

सर आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. उज्जैनच्या माधव नगरात त्यांचं बैठं घर आहे. घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, तिथं गेली सात वर्षं मी राहतो. घरापुढं कडुनिंब, कडुनिंबाखाली माझी पांढरी व्हॅन. तिच्यातून मी शाळेची मुलं नेतो-आणतो. हेच माझं पोट.

आज सकाळी गाडी पुसायला बाहेर आलो तर टपावर निंबाच्या पिवळ्या पानांचा थर साचलेला. शेजारच्या गच्चीवर कुणाची तरी मुलगी येरझाऱ्या घालत घोकत होती, "प्रकाश का परावर्तन, प्रकाश का अपवर्तन." हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन गाडीवाला गल्लीत शिरला होता आणि काकू त्याच्याशी दाण्यांवरून हुज्जत घालत होत्या. मी फडकं हातात धरून तसाच उभा राहिलो. परीक्षांचा मोसम आला. चार वर्षं झाली, दर वर्षी असाच उभा राहतो.

इथला हा मोसम मला पाठ आहे. फ्रीगंजात झेरॉक्सच्या दुकानांपुढं मुलांची झुंबड उडते. टावर चौकात पोह्यांच्या गाडीवर एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हातात वही, जिलबीचा पाक वहीला लागतो आणि मग सूत्रावर मुंग्या येतात. एरवी आरडाओरडा करणाऱ्या गल्ल्या जीभ चावल्यासारख्या गप्प होतात. उन्हाला नुकती धार आलेली असते. आणि याच दिवसांत घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. वर्षभर पडून राहिलेले, पंप जाम झालेले, मोटारी गुरगुरणाऱ्या. हे कूलर ध्यानात ठेवा. त्यांचं पुढं काम आहे.

माझा स्वतःचा असा एकच मोसम झाला, तोही अर्धा. आमचं गाव वसमतच्या पुढं, हळदीचं. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत तिकडं हळद शिजते. शेताशेतांत वाफेचे ढग, आणि त्या वाफेचा वास असा की कपड्यांतून आठवडाभर जात नाही. मी फॉर्म भरला होता, हॉलतिकीट आलं होतं, आईनं नवी पेन्सिल आणली होती. पहिल्या पेपरच्या सकाळी मी घरातून निघालो आणि केंद्रावर गेलोच नाही. कुणी अडवलं नाही, एसटी चुकली नाही, काही झालं नाही. भ्यालो, एवढंच. शिजलेल्या हळदीच्या ढिगामागं बसून राहिलो. संध्याकाळी घरी सांगितलं, "पेपर अवघड होता." पुढचे सगळे पेपर असेच दिले. निकाल लागला तेव्हा घरचे म्हणाले, नापास झाला. मी म्हणालो, झालो.

आजही गावात कुणाला खरं माहीत नाही. गप्प बसलं की संकट टळतं, हे मी त्या ढिगामागं शिकलो. बाकी शिक्षण राहिलं ते राहिलं, हा एक धडा मात्र चांगला पक्का झाला.

मग यात्रेच्या बसवर क्लीनर झालो. महाकालच्या दर्शनाला माणसं घेऊन बस उज्जैनला आली आणि इथंच तिचं इंजिन बसलं. यात्रेकरू रेल्वेनं परत गेले, मालक पार्ट शोधत फिरत राहिला, आणि मी बसपाशी अकरा दिवस राहिलो. बाराव्या दिवशी बस गेली, मी गेलो नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं का राहिलास, तर सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. इथं मला दहावीचं विचारणारं कुणी नव्हतं.

तर चार वर्षांपूर्वीचा शुक्रवार. माझ्या गाडीत दहावीच्या पाच मुली होत्या. त्यांचं परीक्षा केंद्र पुलापलीकडं, जुन्या शहरात. पेपर देऊन परत येताना फ्रीगंजच्या रेल्वेपुलावर चढाला लागलो आणि गाडीनं ओरडायला सुरुवात केली. पायाखाली ॲक्सिलरेटर दाबतोय, इंजिन किंचाळतंय, आणि गाडी मात्र पुढं सरकायचं नाव घेत नाही. मग वास आला. जळका, घशात बसणारा. मागून पलक म्हणाली, "भैया, कुछ जल रहा है." पलक म्हणजे समोरच्या घरातल्या गुप्ताजींची नात. मागं रिक्षांचे हॉर्न. मी कसाबसा पूल उतरलो. मुलींना घरी सोडलं तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

सोमवारी गणिताचा पेपर होता. नेहमीच्या मिस्त्रीनं बोनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "क्लच गया. मंगल से पहले नहीं होगा." गुप्ताजी संध्याकाळी फाटकाशी येऊन उभे राहिले. माणूस वाईट नाही, पण बोलणं मिरचीच्या फोडणीसारखं, समोरच्याला ठसका बसलाच पाहिजे.

"दत्ता, सोमवार को गाड़ी चलेगी कि नहीं? साफ बोल दे. नहीं तो दूसरी वैन लगा लेते हैं, हमेशा के लिए."

"चलेगी, अंकलजी," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो ते मला अजून माहीत नाही.

पलक गेली की बाकीच्या चौघी जाणार, चौघी गेल्या की जूनमध्ये त्यांची धाकटी भावंडं जाणार. गल्ली एक असते. एक घर बोललं की सगळी घरं बोलतात. मी खोलीत जाऊन खाटेवर बसलो. हळदीचा वास आल्यासारखा वाटला.

सर दारात आले. कानटोपी, हातात चहाचा ग्लास.

"काय रे, इतकं काय परेशान व्हायचं? क्लच तर आहे. आपण घरीच खोलू."

"सर, घरी?"

"मग? तीस-बत्तीस वर्षं मी काय पोरांना भजन शिकवत होतो का?"

"पण मी कधी..."

"तू नाही रे, मी आहे ना! तू फक्त खाली झोप आणि मी म्हणेल ते कर. उद्या सकाळी टावर चौकात जाऊन सामान घेऊन ये. आणि हो, भरपेट खाऊन ये. भुकेला माणूस बोल्ट पाडतो."

गाडी उघडी पडलेली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा अक्षरशः हादरलो. रोज हिच्यात बसायचो, हिच्या जिवावर जेवायचो, आणि हिच्या पोटात काय आहे हे मला काडीचं ठाऊक नव्हतं. जॅक लावून पुढची बाजू उचलली, खाली लाकडी ठोकळे सरकवले. मी ठोकळे तीनदा हलवून पाहिले. सर म्हणाले, "बस कर, आता ते घाबरतील." मग मी गाडीखाली उताणा आणि सर बाजूला पाटावर, काठीनं दाखवत. मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा सुटला. वायरी सुटल्या. केबल सुटली. गिअरबॉक्सचं काळं तेल काकूंच्या जुन्या परातीत निथळलं, आणि काकू खिडकीतून म्हणाल्या, "अहो, ती परात मला आता नको, तुमच्याजवळच ठेवा." शेवटी गिअरबॉक्स माझ्या छातीवर आला. थंड, जड, वासराएवढा. त्याला मिठी मारून मी क्षणभर तसाच पडून राहिलो. इतकं जड काही मी कधी उरापाशी धरलं नव्हतं.

जुनी प्लेट निघाली. जेवणाच्या ताटाहून लहान, वाटोळी, दोन्ही बाजूंचं अस्तर झिजून काच झालेलं. "एवढीशी?" मी विचारलं.

"एवढीशी," सर म्हणाले. "इंजिन पळतं, चाकं थांबलेली असतात. दोघांची ओळख हीच करून देते. हिनं पकडलं तर गाडी चालली. हिनं नाही पकडलं तर तू पुलावर."

नवी प्लेट त्यांनी खोक्यातून काढली आणि वर्तमानपत्रावर ठेवली. कडांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून, जसं काकू पापड उचलतात तसं. "बघ दत्ता, एकच गोष्ट ध्यानात ठेव. हिच्या अस्तराला तेलाचं बोट लागायला नको. ग्रीसचे हात आहेत तुझे, साबणानं धुऊन ये. समजलं?"

"समजलं."

मी हात धुतले. दोनदा धुतले. सर औषधाची गोळी घ्यायला आत गेले.

आता जे सांगतो ते ऐकून कुणाला हसू येईल. आमच्या गावात नवीन काहीही बसवायचं तर आधी शेंदराचं बोट लागतं. विहिरीवरची मोटार असो, नांगराचा फाळ असो, हळद शिजवायची टाकी असो. वेशीतल्या मारुतीचा शेंदूर, तेलात कालवलेला. मी गाव सोडलं तेव्हा आईनं त्याची एक डबी दिली होती. "गाडीला काय बी नवं लागलं की लावत जा," म्हणाली होती. ती डबी मी गाडीत मीटरखालच्या खणात ठेवायचो. त्या दिवशी ती काढली आणि वर्तमानपत्रावरच्या त्या कोऱ्या प्लेटवर पाच बोटं ओढली. एका बाजूला झाली म्हणून उलटी करून दुसऱ्या बाजूलाही ओढली. जास्तच लावला. जितकी भीती, तितका शेंदूर. वरून पुसूनही घेतलं, सरांना दिसू नये म्हणून. सर देवधर्मावरून चेष्टा करायचे.

तुम्ही म्हणाल, आत्ताच तर सांगितलं होतं की तेल लागायला नको. सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण तेल म्हणजे ग्रीस, तेल म्हणजे इंजिनचं काळं, तेल म्हणजे परातीतलं. मारुतीच्या अंगावरचं ते तेल नव्हे, तो शेंदूर. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी दोन वेगळ्या फळ्यांवर होत्या. त्या एकाच फळीवर ठेवायच्या असतात हे मला कधी सुचलंच नाही.

सर आले. चष्मा कपाळावर, नजर तशी अधूच. प्लेट आत बसवताना ती बरोबर मध्यावर राहावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा आत शिरत नाही. त्यासाठी एक खास सळई असते. ती आमच्याकडं नव्हती. सर आत गेले आणि लाटणं घेऊन आले. मागून काकू.

"अहो, माझं लाटणं!"

"देतो परत."

"काय परत देता, सुरीनं छिलताय की तुम्ही त्याला!"

लाटण्याची मूठ छिलून छिलून त्यांनी अशी केली की प्लेटच्या भोकातून सरळ आत जाऊन बसली. वर दाबणारी प्रेशर प्लेट, तिचे सहा बोल्ट. सर आत वाकून एकेक कसत होते, समोरासमोरचे, थोडा हा, थोडा तो, आणि मी मोजत होतो. मला मोजायची सवयच आहे. सहाही समोरासमोर, तीन फेऱ्यांत. मी शपथेवर सांगू शकतो. हे लक्षात असू द्या.

ऊन कलायच्या आत गाडी ठोकळ्यांवरून खाली आली. सर शेजारी बसले, आम्ही निघालो. गल्लीत गाडी लोण्यासारखी. सर खुशीत गुणगुणत होते. मला रडू येत होतं. मग पूल आला.

पूल आला आणि चढावर मधोमध इंजिन पुन्हा किंचाळलं. गाडी पुन्हा जागच्या जागी. सरांचं गुणगुणणं मध्येच तुटलं. मग वास आला, तोच जळका, आणि त्याच्या आत आणखी एक वास. हा वास मी ओळखत होतो. शनिवारी मारुतीच्या देवळात समईची वात तेलात विझते तेव्हा येतो तो. शेंदूर जळत होता. पुलावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मागं हॉर्न वाजत असताना मला सगळं एका क्षणात कळलं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

घरी आल्यावर सरांनी केबल तपासली. फार ताणलेली तर नाही? नव्हती. मग ते पाटावर बसले आणि आपल्या हातांकडं बघत राहिले. हात थरथरत होते. तसे ते नेहमीच थोडे थरथरायचे, पण त्या दिवशी पहिल्यांदा सर त्यांच्याकडं बघत होते.

"दत्ता, मी बोल्ट बरोबर कसले होते ना रे? समोरासमोर? सगळे?"

मी मोजले होते. तीन फेऱ्या.

"लक्षात नाही, सर," मी म्हणालो.

आजवर मला लोकांनी दिलेले धक्के मी विसरलो. हा माझा मला बसलेला धक्का विसरलो नाही. इतकं सोपं होतं ते. तीन शब्द. हळदीच्या ढिगामागं बसलेला तो पोरगा अजून तिथंच बसला होता, आणि आता त्यानं एका म्हाताऱ्या माणसाला आपल्या पुढं उभं केलं होतं.

रविवारी पहाटे बाहेर आलो तर सर माझ्या आधी उठून बसलेले. मांडीवर जुनी वही, शिकवायच्या वेळची. क्लचची आकृती काढलेल्या पानावर त्यांचं बोट होतं. तीस-बत्तीस वर्षं जे फळ्यावर काढलं ते माणूस पुन्हा वाचत होता. पहिलीच्या मुलासारखा, ओळीखाली बोट ठेवून. गुप्ताजी दुधाची पिशवी घेऊन चालले होते, थांबले.

"क्या सर, फिर खोल रहे हो? अब इस उमर में सुंदरकांड पढ़ा करो, क्लच-व्लच छोड़ो."

सर हसले नाहीत. नेहमी उलट टोला द्यायचे.

पुन्हा सगळं. पुन्हा दांडा, वायरी, परात. या वेळी सर पाटावर बसले नाहीत. "मला स्वतः बघू दे," म्हणाले, आणि सत्तरी उलटलेला तो माणूस गोणपाटावर माझ्या शेजारी उताणा झाला. आमची डोकी जवळजवळ होती. मी सांगू शकलो असतो. कुजबुजलो असतो तरी ऐकू गेलं असतं. निंबाची पानं पडत होती, गच्चीवर पलक "साइन थीटा, कॉस थीटा" करत होती, आणि मी बोल्ट सोडवत होतो.

प्लेट निघाली. करपलेली, आणि त्या काळ्यातून शेंदरी ओघळ. पाचही बोटं दिसत होती.

सरांनी ती उन्हात धरली. नाकाशी नेली. मी जमिनीकडं बघत होतो.

"मारुती?"

"हो, सर."

"रणजित हनुमानच्या देवळातला, की इथला दुसरा कुठला?"

"आमच्या गावचा. आईनं दिलेला."

आता फुटतील, असं वाटलं. फुटावं, असंही वाटलं. त्यांनी प्लेट खाली ठेवली, आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं, आणि असा लांब श्वास सोडला की जणू सबंध दिवस तो कोंडून धरला होता.

"म्हणजे माझे बोल्ट ठीक होते," ते म्हणाले.

एवढंच. रागाचा एक शब्द नाही. मी रडायला लागलो तर म्हणाले, "रडू नको, पाणी पडेल प्लेटवर, आता तेवढंच बाकी आहे."

"सर, मी कालच..."

तेवढ्यात फाटक वाजलं. गुप्ताजी. त्यांच्या मागं दुसऱ्या एका मुलीचे वडील. सरांनी वर्तमानपत्राचं पान चटकन प्लेटवर टाकलं.

"क्या निकला, सर? कल गाड़ी जाएगी कि मैं दूसरी वाली को बोल दूँ?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, देवाशप्पथ. पण सर आधी बोलले. मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"अरे गुप्ताजी, गलती मेरी है. प्लेट उल्टी लगा दी थी मैंने. दत्ता बोल भी रहा था, मैंने सुना नहीं. उमर हो गई भाई, आँखें गईं. कल गाड़ी बराबर जाएगी, लड़का होशियार है."

प्लेट उलटी लावणं ही पहिल्या वर्षाच्या पोरानं केली तरी वर्ग हसतो अशी चूक. ज्यानं शेकडो पोरांना उंच बाजू कुठं, सपाट बाजू कुठं हे शिकवलं, तो माणूस भर गल्लीत म्हणत होता की मला ते कळलं नाही. आणि ज्याला क्लच कळतो तो लगेच ओळखेल की हे खोटं आहे. प्लेट उलटी बसली तर क्लच सहसा सुटत नाही, गिअरच पडत नाही. प्लेट घसरण्याचं, न पकडण्याचं कारण वेगळं. पण गल्लीत क्लच कळणारं दुसरं कोण होतं? एकटे सरच.

गुप्ताजी मोठ्यांदा हसले. "उल्टी प्लेट! वाह सर, वाह!" हसत हसत गेले. दुसरी व्हॅन बोलावली नाही.

फाटक लागल्यावर मी म्हणालो, "सर, असं का केलंत?"

"त्याला तुझ्या गाडीत नात बसवायची आहे रे. ड्रायव्हर असा येडेपणा करतो कळलं तर बसवेल का? तुझी गाडी चालायला पाहिजे. माझं काय, मला कुठं चालायचंय?" मग काठीनं दाखवत, "जा, आतून खडूचा डबा आण."

नवी प्लेट आणायला रविवारी दुकान उघडं नव्हतं. सरांनी शिकवायच्या वेळचे उरलेले खडू पाट्यावर ठेचले. ती पूड प्लेटच्या दोन्ही अंगांना थापून प्लेट उन्हात ठेवली. खडू तेल पितो. पांढरी पूड हळूहळू केशरी होत गेली. झटकली, पुन्हा थापली. तीनदा. मग पेट्रोलचं फडकं, मग पॉलिशपेपर, हलक्या हातानं. "नियमानं नवीनच टाकायला पाहिजे," सर म्हणत होते, "पण आत मुरलेलं नाही वाटतं. बघू." काकूंनी जेवायला बोलावलं तेव्हा आमच्या दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. काकूंनी पाट्यावरची केशरी पूड पाहिली, माझ्याकडं पाहिलं, आणि मला एक पोळी जास्त वाढली. पोळी वेडीवाकडी होती. लाटण्याला एकच मूठ उरली होती.

दिवेलागणीच्या आधी गाडी पुलावर नेली. चढावर मधोमध मुद्दाम थांबवली आणि मग उचलली. चढली. एका दमात, ब्र न काढता चढली. वर पोचल्यावर खाली फलाटावर एक गाडी येऊन लागत होती, आणि सर नुसतं म्हणाले, "पकडलं."

सोमवारी पाचही मुली वेळेत पोचल्या. सबंध पूलभर त्या थीटा थीटा करत होत्या आणि मी कानांनी फक्त इंजिन ऐकत होतो. केंद्राचं फाटक लागलं. बाहेर आईबाप उभे होते, कुणी माळ ओढत, कुणी उगाच मोबाइलवर बोट फिरवत. आयुष्यात पहिल्यांदा मी परीक्षेच्या फाटकाशी वेळेवर उभा होतो. फाटकाच्या बाहेर, पण उभा होतो. तीन तास तिथून हललो नाही.

ती प्लेट पुढं दीड वर्ष चालली. आता नवी आहे, मीच घातली, एकट्यानं. शेंदूर लावला, पण खोक्याला.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ते कूलर राहिले.

पूर्वी हा मोसम आला की सरांचा ओटा भरून जायचा. गल्लीतले जाम झालेले पंप, जळक्या मोटारी, कुणाचं मिक्सर, कुणाची बंद पडलेली स्कूटर. सर चष्मा कपाळावर चढवून बसलेले, लोक आपले पंप पुढं सरकवत "सर, जरा देख लो" म्हणणारे. पैसे घ्यायचे नाहीत. चार शिव्या द्यायचे, त्या लोकांना आवडायच्या. त्या मार्चमध्ये, क्लचनंतर, तीनच पंप आले. पुढच्या मार्चमध्ये एक. "सर की आँखें गईं," गुप्ताजींनी सगळीकडं सांगितलं होतं, वाईट हेतूनं नाही, गंमत म्हणून. संध्याकाळी फिरायला निघाले की अजून कुणीतरी म्हणतं, "क्यों सर, उल्टी प्लेट!" आणि सर हात वर करतात, नमस्कार केल्यासारखा.

आणि आज सकाळी, मघाशी सांगितलं ना, गाडी पुसायला बाहेर आलो होतो. गुप्ताजींच्या दारात त्यांचा कूलर उतरवत होते. एकदा चालवून पाहिला, पंप खरखरला. पंप काढला, रिक्षात ठेवला आणि फ्रीगंजकडं दुकानात पाठवला. सरांच्या ओट्यासमोरून. सर ओट्यावर बसले होते, मांडीवर हात ठेवून. रिक्षा वळेपर्यंत त्यांनी त्या पंपाकडं पाहिलं. मग माझं लक्ष आहे हे बघून म्हणाले, "आवाजावरून सांगतो, त्याचं बुश गेलंय फक्त." आणि आत गेले.

ओटा रिकामा. मी फडकं धरून उभा. इतकी वर्षं मला वाटत होतं, सरांनी माझ्यासाठी एक दिवस लाज घेतली. तसं नव्हतं. त्यांनी आपला ओटा दिला होता.

म्हणून हे लिहायला बसलो. आणि लिहितानाही माझी जुनी खोड मला दिसते आहे. मी मराठीत लिहितोय. गुप्ताजींना मराठी वाचता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पुन्हा एका ढिगामागं बसूनच बोलतोय मी. काकू हे सरांना वाचून दाखवतील, सर म्हणतील, "फालतू काय लिहितो हा." म्हणू देत.

पण सर, हे लिहून देतो. गाव सोडल्यापासून कुणाला वचन दिलं नव्हतं, तुम्हाला देतो. माझा जीव घाबरा आहे, तारीख मागू नका. पण एक दिवस, याच मोसमात, कूलर उतरत असतील, गल्ली सगळी बाहेर असेल, तेव्हा मी तुमच्या ओट्यावर चढेन. गुप्ताजींना हाक मारेन. आणि हिंदीत बोलेन, मोठ्यानं, तुम्ही बोलला होतात तेवढ्याच मोठ्यानं. की प्लेट सुलटीच होती. बोल्ट सहाही समोरासमोर होते, मी मोजले होते. तेल माझं होतं.